गोदाकाठच्या शाळेतलं बिनतारी केंद्र: प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते ऑक्टोबर २०२४

आम्ही नांदेडचे पाच परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी बिनतारी संच चालवणारे. तिघे नोकरी करणारे, एक आयटीआयमधून निवृत्त झालेले निदेशक (त्यांना आम्ही सगळे सरच म्हणतो) आणि एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारे भाऊ. काम एकच ठरवलं होतं. बिलोली तालुक्यात गोदावरीच्या काठावर एक गाव आहे. नाल्यावरचा पूल बुडाला की गावाचा रस्ता तुटतो, आणि वीज गेली की काही तासांत मोबाइलचा टॉवरही बंद पडतो. त्या गावातून मोबाइल आणि महावितरणची वीज दोन्ही नसताना नांदेडला संदेश पोचला पाहिजे. दुसऱ्या कुणाला असं केंद्र उभं करायचं असेल तर आमचे पैसे आणि रविवार जिथं वाया गेले तिथं त्यांचे जाऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या.

११ फेब्रुवारी, रविवार

पहिली पाहणी. सोबत पाच वॅटचे दोन हातातले संच, १४५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर. गावातून नांदेड ऐकू येणार नाही हे माहीतच होतं, अंतर सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास आहे. तरी घाटावरून, शाळेच्या गच्चीवरून, मारुतीच्या पारावरून हाका मारून पाहिल्या. काहीच नाही.

सर दुसरा संच घेऊन नांदेड-लोहा रस्त्यावरच्या वडेपुरीला, रत्नेश्वरीच्या टेकडीवर गेले होते. शाळेच्या गच्चीवरून त्यांचा आवाज तुटक का होईना आला. दहा शब्दांतले तीन कळत होते. म्हणजे टेकडी मध्ये घेतली तर जमेल. टेकडीवरून नांदेड शहर तर हातातल्या संचावरही स्वच्छ येतं.

परतताना गाडीत एकच वाद चालला: टेकडीवर रिपीटर, म्हणजे ऐकलेलं आपोआप पुढं पाठवणारं यंत्र, बसवायचा का? रिपीटरला वेगळा परवाना लागतो, जागेची परवानगी लागते, चोवीस तास वीज लागते आणि माकडांपासून राखण लागते. पाच जणांना हे झेपणारं नाही असं माझं मत पडलं. रिपीटरऐवजी पावसाळ्यात गरज पडेल तेव्हा टेकडीवर माणूस पाठवायचा आणि त्यानं संदेश लिहून घेऊन पुढं सांगायचा, असं ठरलं. वेळ जास्त लागतो. पण माणूस ऐकतो, चुकलेलं परत विचारतो. हा निर्णय पुढं बरोबर ठरला.

३ मार्च, रविवार

मास्टचा, म्हणजे अँटेनाच्या खांबाचा दिवस. वीस फुटी दीड इंची जीआय पाइप दोन आणले, मध्ये आट्याचं कपलिंग लावलं आणि शाळेच्या मैदानात चाळीस फुटांचा खांब आडवा जोडून उभा करायला घेतला. आठ माणसं दोरीवर होती. खांब अर्ध्यावर आला आणि बरोबर कपलिंगपाशी वाकला. आटे पाडताना तिथं पाइपाची जाडी निम्मी होते, म्हणजे सगळ्यात जास्त ताण येतो तिथंच पाइप सगळ्यात पातळ. गावातल्या वायरमन दादांनी आधीच सांगितलं होतं, "सर, ते आट्यावर भरवसा ठिवू नका." आम्ही ऐकलं नाही. कुणाला लागलं नाही, तेवढं सोडलं तर दिवस पूर्ण वाया. पाइप, वाहतूक, स्टेची (खांब ताणून धरायची) तार मिळून ४,६०० रुपये, त्यातला एक पाइप भंगारात.

उपाय दादांचाच. सांध्यात सव्वा इंची पाइपचा दोन फुटांचा तुकडा आतून घालायचा, वर-खाली आरपार बोल्ट मारायचे. शिवाय उंची कमी करायची. गच्ची बारा फुटांवर आहेच, तिच्यावर एकच वीस फुटी पाइप पुरतो.

२१ मार्च, गुरुवार

ही नोंद कामाची नाही, पण कामाला वळण देणारी आहे. सकाळी सहाच्या सुमारास भूकंपाचे दोन धक्के दहाएक मिनिटांच्या अंतरानं बसले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात, पहिला ४.५ आणि दुसरा ३.६ रिश्टरचा. नांदेडात लोक घराबाहेर आले. हानी नाही. पण पहिली काही मिनिटं मला एकही फोन लागत नव्हता, सगळे एकाच वेळी फोन लावत होते.

मी संच सुरू केला. पट्ट्यावर कुणी नव्हतं. नंतर कळलं, पाचांपैकी तिघांनी संच सुरू केले होते, पण तीन वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर आणि तीन वेगवेगळ्या वेळी. आमच्याकडं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणाला सांगावी लागत नाही. किल्लारीला त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि नंतरच्या दिवसांत हॅम मंडळी संच घेऊन तिथं पोचली होती. ते ऐकूनच आम्ही या छंदात आलो. आणि आज प्रत्यक्ष धक्का बसल्यावर आम्हाला एकमेकांना गाठता आलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी सरांच्या ओसरीवर बसून नियम लिहिला. भूकंप, पूर किंवा मोबाइल बंद, यातलं काहीही झालं तर फोनची वाट न बघता संच सुरू करायचा. दर तासाची पहिली दहा मिनिटं ठरलेल्या व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या) फ्रिक्वेन्सीवर, पुढची दहा ७.११० मेगाहर्ट्‌झवर. आशिया-प्रशांत विभागात आपत्तीसाठी हीच फ्रिक्वेन्सी ठरलेली आहे, त्यामुळे दूरचे हॅमही तिथं कान देतात. उरलेली चाळीस मिनिटं संच बंद, बॅटरी वाचवायची. कागद लॅमिनेट करून प्रत्येकाच्या संचाला बांधला. खर्च दीडशे रुपये. या सगळ्या प्रकल्पात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला खर्च हाच.

२१ एप्रिल, रविवार

गच्चीवर वीस फुटी खांब बसला. वर उभा अँटेना, खाली पंचवीस वॅटचा गाडीत बसवतात तो संच (जुना, १४,००० रुपये). टेकडीसाठी सरांनी पाच कांड्यांचा यागी (एकाच दिशेला रोखायचा अँटेना) घरीच बनवला होता, अॅल्युमिनियमच्या पट्टीचा, सहाशे रुपयांत.

दुपारी बारा ते दोन फेब्रुवारीपेक्षाही खराब ऐकू येत होतं. पंचवीस वॅट, यागी, उंची, सगळं असून आवाज नाही. आम्ही इकडं कनेक्टर उघडले, परत डाग दिले. शेवटी भाऊंनी फोनवरून विचारलं, "सर, यागी आडवा बसवलाय का उभा?" टीव्हीच्या जुन्या अँटेनासारखा आडवा बसवला होता. इकडचा अँटेना उभा, तिकडचा आडवा, त्यात वीसएक डेसिबल जातात, म्हणजे ताकदीचा शंभरावा भागच पोचतो. यागी नव्वद अंशात फिरवला आणि सरांचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा आला. उन्हात गेलेले ते दोन तास चालू करण्याआधी एकमेकांना एक प्रश्न विचारला असता तर वाचले असते. आता यागीच्या दांडीवर लाल रंगात बाण काढलाय, "ही बाजू वर".

दुसरी अडचण बॅटरीची. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासाची बॅटरी लावली होती. ऐकताना ठीक, पण बोलायला बटण दाबलं की संच बंद पडून परत सुरू व्हायचा. बॅटरी नवी होती, म्हणून आम्ही संचाला दोष देत बसलो. दोष वायरचा होता. घरातल्या दिव्याला वापरतात ती एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर वायर. जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे सुमारे ०.१७ ओहम. संच बोलताना सात अँपिअर ओढतो, म्हणजे सव्वा व्होल्ट वायरीतच संपतो. बॅटरीत १२.२ असले तरी संचाला ११ मिळतात. चार चौरस मिलिमीटरची वायर टाकली, घट ०.३ व्होल्टवर आली. सहाशे रुपये. बॅटरीही बदलायची ठरली: २० अँपिअर-तासाची लिथियम फेरोफॉस्फेट, ८,४०० रुपये. पैसे सरपंच ताईंनी गावातून वर्गणी करून दिले. मागायला आम्हाला संकोच वाटत होता, ताईच म्हणाल्या, "गावासाठी करायलेत तर गावानं नको का द्यायला?"

२६ मे, रविवार

टेकडीवर पोचता आलं नाही तर काय? म्हणून ४० मीटर पट्ट्याचा (७ मेगाहर्ट्‌झचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना. लांबी साधी: १४३ भागिले ७.१, म्हणजे २० मीटरच्या जरा वर, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. उंच बांधायचा नाही. चार मीटरवर ठेवला की लहरी सरळ वर जातात, आयनोस्फियरला (वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराला) आपटून जवळच्याच दोन-तीनशे किलोमीटरमध्ये पडतात. डोंगर, इमारती मध्ये येत नाहीत.

एक टोक शाळेच्या पॅरापेटला, दुसरं लिंबाच्या झाडाला. सकाळी दहा वाजता नांदेडशी झकास बोलणं झालं, परभणीचे एक जुने हॅमही येऊन भेटले. अकराला पिठाची गिरणी सुरू झाली आणि सगळं बुडालं. तिच्या मोटारीचा खरखराट एवढा की नांदेडचा आवाज ऐकू येईनासा. गिरणीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, "लाइट गेल्यावर गिरणी कुठं चालायलीय?" बरोबर आहे. ज्या दिवशी आम्हाला बोलायचं असेल त्या दिवशी गावात वीज नसेल. तो गोंगाट सोडून दिला.

दुसरा गोंगाट मात्र आपल्याच घरातला निघाला. बॅटरी भरायला १०० वॅटचं सोलर पॅनेल (३,९०० रुपये) आणि स्वस्तातला चार्ज कंट्रोलर. ऊन पडलं की संचात सतत घुर्र आवाज. पॅनेलवर गोणपाट टाकलं, आवाज गेला. काढलं, परत आला. फेराइटच्या कड्यांतून वायरीचे वेढे दिले तर थोडं कमी झालं. शेवटी पॅनेलच्या वायरीत एक साधा स्विच टाकला. ऐकायचं तेव्हा भरणं बंद. पंचवीस रुपयांचा उपाय.

झाडाचं टोक थेट फांदीला बांधू नका. दुपारी वारा सुटला, फांदी हलली, तार तुटली. आता तिथं कप्पी आहे आणि तारेच्या शेवटी वाळू भरलेली बाटली लटकते. फांदी हलली की बाटली वर-खाली होते, तारेवर ताण येत नाही.

१६ जून, रविवार

कागदपत्रांची नोंद, थोडक्यात. हौशी बिनतारीच्या नियमांत त्रयस्थाचा संदेश एरवी चालवता येत नाही. नेहमीची दळणवळण यंत्रणा बंद पडली किंवा नैसर्गिक आपत्ती आली तर चालतो, पण तो सक्षम अधिकाऱ्याकडून निघालेला आणि सक्षम अधिकाऱ्यासाठी असावा लागतो, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेली व्यक्ती. गावातून संदेश तलाठ्यांनी लिहायचा, तर त्यांना तसा अधिकार असल्याचं पत्र हवं. आमचा अर्ज एका कार्यालयात सात आठवडे पडून राहिला, कारण कुठल्या टेबलाचा विषय हे कुणाला ठरवता येईना. दोनदा अर्ज हरवला, तिसऱ्यांदा आम्ही पोच घेतली. पत्र मिळालं. तुम्ही करणार असाल तर हे काम मास्टच्या आधी सुरू करा आणि पहिल्याच दिवशी पोच घ्या.

गावातल्या पोरांनी विचारलं, आम्हाला एकेक संच द्या, आम्ही घाटावरून सांगतो. हॅमचे संच बिनपरवाना माणसाच्या हातात देता येत नाहीत. कितीही चांगल्या कामासाठी असलं तरी नाही, यावर आम्ही पाचही जण ठाम आहोत. पण ४४६ मेगाहर्ट्‌झवर अर्ध्या वॅटचे मान्यताप्राप्त वॉकीटॉकी भारतात २०१८ पासून परवान्याशिवाय वापरता येतात. तशी एक जोडी घेतली, ५,२०० रुपये. घाट ते शाळा सातशे मीटर आहे, स्वच्छ ऐकू येतं. घाटावरून पोरगं शाळेत सांगणार, शाळेतून परवानाधारक पुढं पाठवणार.

७ जुलै, रविवार

डायपोलच्या मधल्या आधारासाठी मैदानात एक बांबू उभा केला होता, तीन स्टे, लोखंडी खुंट्या हातभर खोल. मेमध्ये त्या खुंट्या घणाशिवाय हलत नव्हत्या. आज येऊन बघतो तर बांबू आडवा, दोन खुंट्या मुळासकट वर. ही काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगा पडून दगडासारखी होते आणि दोन चांगले पाऊस झाले की लोण्यासारखी. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण मी मेच्या मातीवर विश्वास ठेवला.

तिन्ही जागी तीन फूट खड्डा खणला, आडवा दगड तारेनं बांधून पुरला, वर मुरूम ठोकला. आता तार ओढली तर दगड आडवा अडतो. गच्चीवरच्या खांबाचे स्टे तर पहिल्यापासून कॉलमला बांधले आहेत, तिथं प्रश्न आला नाही.

१० जुलै, बुधवार

सकाळी सातच्या पुढं पुन्हा धक्का. पुन्हा हिंगोली जिल्हा, पुन्हा ४.५. या वेळी वीस मिनिटांत पाचांपैकी चौघे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर होते, आठच्या फेरीत पाचवेही आले. कळवण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येकानं आपल्या भागात काय दिसतं ते सांगितलं आणि कामाला गेलो. मार्चमधल्या त्या सकाळीनंतर हे ऐकताना मला काय वाटलं ते इथं लिहिता येत नाही.

२८ जुलै, रविवार

ही चूक सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

आठवडाभर झड होती. गावातलं केंद्र तपासायला गेलो. मीटर लावला: एसडब्ल्यूआर १.२. अँटेनाकडं पाठवलेल्या ताकदीतली किती परत फिरते ते हा आकडा सांगतो, १ च्या जितका जवळ तितका चांगला. एप्रिलमध्ये १.५ होता. मी खूश, पावसातही अँटेना सुधारला म्हणून वहीत "उत्तम" लिहिलं. मग टेकडीला हाक मारली. काहीच नाही. टेकडीवरून भाऊ ओरडत होते, मला पुसटसं कळत होतं. त्यांना मी अजिबात नाही.

संच बदलला, बॅटरी मोजली, यागीचा बाण विचारला. सगळं ठीक. मीटर तर म्हणतोय उत्तम. तीन तास गेले. मग सरांनी नांदेडहून सांगितलं, "केबल खालून कापून बघ." मला पटेना, पण टोकाचा वीतभर तुकडा कापला. आतली तांब्याची जाळी काळी पडलेली, आणि केबल खाली धरली तर थेंब पडला.

वरच्या कनेक्टरवर मी फक्त काळी वायरमनची टेप गुंडाळली होती. उन्हात ती सुटली, पाणी आत गेलं आणि जाळीतून झिरपत बावीस मीटर खाली आलं. ओली केबल बहुतेक ताकद स्वतःच खाते. वर पोचलेली थोडी ताकद अँटेनावरून परत फिरली तरी येताना पुन्हा केबलच खाते, मीटरपर्यंत परत काही येतच नाही. म्हणून मीटर चांगला आकडा दाखवतो. आकडा सुधारला होता तो केबल मेली म्हणून.

केबल आरजी-५८ होती, मीटरला पस्तीस रुपये. ती कोरडी असतानाही बावीस मीटरमध्ये निम्म्याहून जास्त ताकद घालवत होती, हेही तेव्हाच हिशेब करून कळलं. आता आरजी-२१३, मीटरला १३०, एकूण २,८६० रुपये. वरच्या जोडावर आधी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून, तिच्यावर काळी टेप खालून वर गुंडाळत नेलेली, म्हणजे घराच्या कौलांसारखं पाणी बाहेरून घसरतं. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ दिला, पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, खिडकीतून आत येत नाही.

आणि नियम: मीटरचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा चांगला आला तरी शंका घ्यायची. समोरच्या केंद्राला "किती ऐकू येतं" हे विचारल्याशिवाय वहीत "ठीक" लिहायचं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

पूर्ण सराव. घाट, शाळा, टेकडी, नांदेड. बारा खोटे संदेश, प्रत्येकाच्या आधी "सराव, सराव, सराव". पंच म्हणून तहसीलमधले एक कर्मचारी सुट्टीच्या दिवशी स्वतःहून आले.

यंत्रं सगळी चालली. चुकलो आकड्यांत. घाटावरून पोरानं सांगितलं "सदतीस कुटुंबं". शाळेत लिहिलं सत्तावीस. टेकडीवर पोचलं सत्तावीस, नांदेडला सत्तेचाळीस. दुसऱ्या संदेशात एकोणसाठचे एकोणसत्तर झाले. खरखरीत मराठी संख्यांचा पहिला भाग ऐकू येतो, शेवट जातो, किंवा उलट. शिकलेली, बरं ऐकू येणारी माणसं होती ही.

त्याच दिवशी ठरवलं: आकडा आधी अंकांनी, मग संख्येनं. "तीन-सात, सदतीस." ऐकणाऱ्यानं अंकांनीच परत म्हणायचं. "तीन-सात, बरोबर?" "बरोबर." त्याशिवाय पुढं जायचं नाही. संध्याकाळी परत बारा संदेश घेतले, एकही आकडा चुकला नाही. वेळ मात्र दीडपट लागला.

गावांच्या नावांचंही तसंच. आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव, बोरगाव नावाची गावं किती! नुसतं "बोरगावला बोट पाठवा" असं कधी म्हणायचं नाही. गाव, मंडळ, तालुका, तिन्ही. हॅमचे स्वतःचे ओळख-संकेत (कॉल साइन) इंग्रजी अक्षरांनीच सांगतो, ते नियमानं लागतात, पण बाकी बोलणं मराठीत आणि जागांची नावं "घाट, शाळा, टेकडी, नांदेड". दमलेल्या माणसाला हे लक्षात राहतं.

१ आणि २ सप्टेंबर, रविवार-सोमवार

१ तारखेला सगळ्या मराठवाड्यात पाऊस कोसळत होता. रात्री दहाला गावातली वीज गेली. २ तारखेला पोळा. पहाटे साडेचारला वायरमन दादांचा शेवटचा फोन: "नाल्याला पाणी चढायलंय, पूल बुडाला." त्यानंतर गावचा एकही फोन लागला नाही.

नशिबानं आमच्यातले एक जण, तालुक्यात नोकरी करणारे, पोळ्यासाठी आदल्या दिवशीच गावात सासुरवाडीला आले होते. ते भिजत शाळेत पोचले पाचला. खोलीला कुलूप. पोळ्याची सुट्टी, किल्ली मुख्याध्यापकांकडं, मुख्याध्यापक नांदेडला. दुसरी किल्ली शाळेच्या मामांकडं, मामा नाल्याच्या पलीकडं शेतात. सरपंच ताईंनी सगळ्यांसमोर कुलूप तोडायला सांगितलं आणि तसं वहीत लिहून सही केली. पन्नास मिनिटं गेली. यात शाळेचा काही दोष नाही. किल्लीचा विचार आम्ही केलाच नव्हता. जवळजवळ सात महिने अँटेना, केबल, बॅटरी, आणि दाराची किल्ली राहिली.

इकडं मी आणि भाऊ टेकडीकडं निघालो. रस्त्यावर जागोजागी पाणी, वर पोचायला पावणेआठ झाले. त्याआधी शाळेतून ७.११० वर प्रयत्न झाला. पहाटे सहाच्या सुमारास जवळचं काही ऐकू येईना, लांबची केंद्रं येत होती. त्या वेळेला आयनोस्फियर पातळ असतो, लहरी सरळ वर गेल्या तर परत येत नाहीत. साडेसातनंतर तोच डायपोल नीट चालायला लागला आणि शाळेशी पहिलं बोलणं टेकडीमार्फत नाही, त्याच्यामार्फत झालं. पहाटेसाठी ८० मीटर पट्ट्याचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा डायपोल लागणार, हे लिहून ठेवलं.

आठला टेकडीवरून व्हीएचएफ सुरू. आठ ते दुपारी चार, एकूण चौदा संदेश. गावातून निघालेले सगळे तलाठ्यांच्या सहीचे. बहुतेक साधे: घाटावर रंगवलेल्या फुटपट्टीवर पाणी किती, किती कुटुंबं शाळेत आणि मंदिरात आली (दोन-तीन, तेवीस), जनावरं किती, लहान बाळांसाठी दूध पावडर हवी, क्षारसंजीवनीची पाकिटं हवीत. उलट दिशेनं दोनच: वरून किती विसर्ग सोडलाय, आणि बोट कधी निघेल. वरच्या विसर्गाचा तो निरोप मिळाल्यावर गावानं खालच्या आळीतली आणखी घरं दुपारीच रिकामी केली.

अकरा ते सव्वाबारा विजा चमकत होत्या. आमचा नियम आहे, गडगडाट ऐकला की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर टाकायची. शाळेनं तेच केलं. टेकडीवर आम्ही यागी आडवा करून गाडीत बसलो. नेमका जेव्हा पाऊस सगळ्यात जास्त होता तो सव्वा तास आमचं केंद्र बंद होतं. तो वेळ कसा काढला ते आम्हालाच माहीत. पण पुढच्या वेळीही बंदच ठेवू.

चारला मोबाइल परत आला. चालू ठेवलेल्या संचावर शेवटचा संदेश सरपंच ताईंनी लिहायला सांगितलेला होता: सगळी माणसं सुखरूप, अकरा घरं पडली, एक बैल गेला. पोळ्याच्या दिवशी.

८ सप्टेंबर, रविवार

दुरुस्त्या. नवीन कुलूप, तीन किल्ल्या: मामा, सरपंच ताई, अंगणवाडी ताई. तिघंही नाल्याच्या अलीकडं राहतात हे बघून ठरवलं. ८० मीटरचा डायपोल, दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर. मैदानात सरळ मावला नाही, टोकं वाकवावी लागली, चालतं. बॅटरी तपासली: आठ तासांत निम्मी उतरली होती. ढगात पॅनेलनं जवळजवळ काहीच भरलं नव्हतं, म्हणजे सलग दोन दिवस आले तर पुरणार नाही. दुसरी बॅटरी हवी. पैसे अजून नाहीत.

संदेशांच्या वह्या तिन्ही ठिकाणच्या समोरासमोर ठेवून ताडल्या. चौदापैकी तेरा जसेच्या तसे. एका संदेशात वेळ लिहायची राहिली होती. आकडा एकही चुकला नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. आम्हीही आमचा पावसाळा तोपर्यंतच धरतो, म्हणून आज आवराआवर. डायपोल उतरवले, यागी सरांच्या माळ्यावर, बॅटरी भरून शाळेच्या कपाटात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती बाहेर काढून टेकडीशी बोलायचं, उन्हाळ्यातही.

एकूण खर्च ५२,७०० रुपये, त्यातले साधारण सात हजार चुकांत गेले: वाकलेला पाइप, ओली केबल, यूपीएसची बॅटरी. प्रवासाचा खर्च ज्याचा त्यानं केला.

गावातून तीन अर्ज परवाना परीक्षेसाठी भरले: शाळेतले गणिताचे शिक्षक, अंगणवाडी ताई, आणि घाटावर वॉकीटॉकी घेऊन उभा असलेला बारावीतला पोरगा. परीक्षेला हैदराबादला जायचंय, जाण्या-येण्याचं भाडं सरपंच ताई बघायलेत. दर सोमवारी रात्री आठला सर फोनवरून त्यांचा अभ्यास घेतात. पुढच्या पावसाळ्याआधी त्या तिघांपैकी एकाच्या तरी हातात परवाना आला तर शाळेत परवानाधारक माणूस गावातलाच असेल, कुणाच्या सासुरवाडीला येण्याची वाट बघावी लागणार नाही.